कुर्लीची परीक्षा

कासवांची अंडी राखणारी कुर्ली परीक्षेत सपशेल नापास झाली आणि शाल्मली धावतच विभाआत्याकडे गेली.

कुर्ली म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव. नाव खेकड्याचं, पण बोटाला कधी चावली नाही. वाळूत पाय रोवून ती घरट्यांची ऊब मोजायची. कालच तिला नवा मेंदू बसवला होता. आज पास झाली नाही, तर तिची रवानगी थेट अडगळीत होणार होती.

"आत्या, ती शहाणी आहे गं!" शाल्मली रडवेली झाली.

विभाआत्या किनाऱ्यावरच्या केंद्रात संगणकशास्त्रज्ञ होती. "ही पुनर्चाचणी (जुने प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं बिघडली नाहीत ना, हे पाहणं). जुन्या मेंदूचं उत्तर वाच बघू."

"३१.२०."

"आणि कुर्लीचं?"

"३१.२. अगं, हे तर एकच झालं!"

"तुझ्या लेखी. चाचणीचा प्रोग्राम म्हणजे घोकंपट्टीवाला मास्तर, अक्षराला अक्षर लावून बघतो. आकडे लिहायची प्रत्येक यंत्राची आपली रीत असते. कुणी शेवटचं शून्य लिहितं, कुणी गाळतं. पाव किलो शेंगदाणे मागितलेस आणि वाण्याने अडीचशे ग्रॅम दिले, तर भांडशील का?"

"म्हणजे आधी अक्षरांच्या संख्या करायच्या, मग तुलना!"

आत्याने प्रोग्राम तसा बदलला. तरी एक उत्तर अडलंच: ३१.१९९९९८.

"यंत्र अपूर्णांकसुद्धा शून्य आणि एक यांतच साठवतं. त्यामुळे शेपटाकडे किंचित फरक पडतो," आत्या म्हणाली. "म्हणून सहनमर्यादा (किती फरक चालेल ते) ठरवायची. किती ठेवू?"

"एक अंश! म्हणजे कुर्ली नक्की पास!"

"नको," कोपऱ्यातून कुर्ली म्हणाली. "वाळूच्या उबेवर पिल्लं नर होणार की मादी, हे ठरतं. अंशभर चुकूनही मी पास झाले, तर माझी चूक कुणाला कळणारच नाही. अंशाचा शंभरावा भाग ठेवा."

जिची मान अडकली होती, तीच कडक परीक्षा मागत होती. शाल्मलीला लाज वाटली आणि कुर्लीचा अभिमानही. तिने स्वतःच तो आकडा भरला.

हिरवा दिवा लागला.

पुढच्या मोसमात कुर्लीच्या बहिणी दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाणार होत्या, निरनिराळे मेंदू घेऊन. आकडे त्या कसेही लिहोत, त्यांची परीक्षा आता नीट होणार होती.

कुर्ली तुरुतुरु वाळूत गेली आणि पहिल्या घरट्यापाशी थांबून ओरडली, "३१.२!"

शाल्मलीने तो आकडा निर्धास्तपणे मानला. कुर्ली तिची लाडकी होती म्हणून नव्हे, तावूनसुलाखून निघाली होती म्हणून.