दोन अंगठ्यांची डबी

मुलांनो, माझ्याबरोबर जरा मिरजेतल्या एका गल्लीत चला. काळ आजचा धरू नका. तुम्ही मोठे होऊन तुमचे केस पिकायला लागतील, त्या सुमाराचा धरा. रिक्षा आवाज न करता जातात, दूध द्यायला यंत्र येतं, पण या गल्लीत तंबोरे अजून हातानंच बनतात. ओट्यांवर मोठाले भोपळे वाळत पडलेत. आणि एखाद्या दारावर लाल फडकं टांगलेलं दिसतंय. दिसलं ना?

त्याचं कारण सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पाटावर टेकतात, त्याला घोडी म्हणतात. घोडी कानशीनं अगदी हलके घासत नेली, की एका क्षणी तार नुसती वाजायचं सोडून गुंजायला लागते. त्या गुंजण्याचं नाव जवारी. कारागिराचा कान त्याच क्षणाची वाट बघत असतो. म्हणून दारावर लाल फडकं असलं, की घरात कुणी बोलायचं नाही, भांडंसुद्धा वाजवायचं नाही.

पाचवीतल्या तरन्नुमच्या घरावरचं फडकं हिवाळ्यापासून उतरलंच नव्हतं. तिचे अब्बा, इलियास, आतल्या खोलीत तंबोरा पुढ्यात घेऊन बसून असत. घरातली माणसं चवड्यांवर चालत. "मोठं काम हातात घेतलंय," असं अब्बांचे भाऊ मुनीरचाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. पुढे अब्बांचं जेवण सुटलं, झोप उडाली, तेव्हा अम्मी त्यांना मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर कोरगावकरबाईंनी नैराश्य असल्याचं सांगितलं. नेहमीच्या गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा त्या एक नवीन डबी घेऊन घरी आल्या.

"यात गांजा आहे म्हणे?" मुनीरचाचांनी डबीत विंचू असावा तसं तिच्याकडे पाहिलं. "बाई, आमच्या घरात तंबाखूसुद्धा चालत नाही."

"गांजाच्या झाडातून काढलेलं औषध आहे. धुंदी आणणारा भाग नावापुरता, तोही मोजून. शिवाय ही डबी एकट्यानं उघडत नाही. एक अंगठा आजाऱ्याचा, दुसरा ऐकणाऱ्याचा. दोन्ही एकदम टेकले, तरच थेंब पडतो."

"ऐकणारं कुणी नसलं तर?" तरन्नुमनं विचारलं.

"तर औषधही नाही. थेंब फक्त भीतीची पकड तासभर सैल करतो. त्या तासात माणसानं बोलायचं असतं. बरं करतं ते बोलणं. थेंब घेऊन जो गप्प बसतो, तो आणखी आत जातो."

"माझा अंगठा चालेल?"

"नाही. वाढत्या मेंदूला हे औषध अपाय करतं. लहान अंगठा लागला की डबी घट्ट मिटते." बाई हसल्या. "तुझ्यासारख्या चौकस मुलींसाठीच तशी केलीय."

बातमी शाळेत पोचायला वेळ लागला नाही. बाकावर शेजारी बसणारी रेवती म्हणाली, "तुझे अब्बा गांजा ओढतात ना?"

"ओढत नाहीत. जिभेखाली थेंब घेतात. तुझी आजी इन्सुलिन टोचून घेते, तिला मी कधी काही म्हणते का?"

रेवतीनं डब्यातला अर्धा लाडू तिच्यापुढे सरकवला.

पण घरी सगळंच अडून बसलं होतं. बाई येत, त्यांचा आणि अब्बांचा असे दोन अंगठे टेकत, थेंब पडे. बाई काही विचारायला जात, तेवढ्यात अब्बा कानस उचलून तारेकडे वाकत. लगेच मुनीरचाचा ओठांवर बोट ठेवत. "कान लागलाय त्यांचा," ते कुजबुजत. बाईही त्या घराचा रिवाज मानून थांबत. तास तसाच निघून जाई.

शेवटी बाई अम्मीला म्हणाल्या, "पुढच्या वेळीही ते बोलले नाहीत, तर थेंब बंद करावे लागतील. बोलण्याशिवाय ते देत राहणं म्हणजे नुसती सवय लावणं. मग त्यांना रुग्णालयात ठेवावं लागेल. किती काळ, ते आत्ता नाही सांगता येणार."

अम्मीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

पुढच्या भेटीला थेंब पडला, अब्बांनी कानस उचलली. तरन्नुम आतल्या खोलीच्या दाराशी बसून अब्बांकडे बघत होती. घोडी घासली की तिची पांढरी भुकटी उडते. लहानपणापासून तरन्नुमचं कामच ते होतं, अब्बांच्या मांडीवरची भुकटी झटकायची. तिनं आज मांडीकडे पाहिलं. काळी विजार स्वच्छ होती. मग तिला आठवलं, कालही ती स्वच्छ होती. अख्ख्या हिवाळ्यात आपण एकदाही भुकटी झटकली नाही.

ती उठली, बाहेरच्या दाराशी गेली आणि लाल फडकं खाली ओढलं.

गल्लीतले आवाज आत आले. कुणीतरी भाजीवाल्याशी भांडत होतं. मुनीरचाचांनी डोळे वटारले. त्या घरात आजवर असं कुणी केलं नव्हतं.

"अब्बा, मांडीवर भुकटी नाही," तरन्नुम म्हणाली. "तुम्ही घासतच नाही. मग ऐकताय काय?"

अब्बांनी कानस खाली ठेवली.

"काहीच नाही," ते म्हणाले. "ऐकू येत नाही, तन्नू. तार वाजते, पण गुंजत नाही. ओल्या लाकडावर बोट मारल्यासारखी वाजते."

"मग सांगायचं नाही का, इलियास?" मुनीरचाचा म्हणाले.

"कुणाला सांगू? आपल्यात कान गेला की माणूस गेला." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला रोज वाटायचं, आज कुणीतरी फडकं काढेल."

बाई पुढे सरकल्या. "कान शाबूत आहे तुमचा. या आजारात कुणाची चव जाते, कुणाला रंग फिके दिसतात. तुमची जवारी गेली. कधीपासून, तेवढं सांगा."

आणि अब्बा सांगू लागले. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे वडील गेले, तेव्हा ते स्वतः आत काम करत होते. म्हाताऱ्यानं त्यांना हाक मारली होती, पण दारावर फडकं होतं, म्हणून कुणी निरोप आत नेला नाही.

"मीच नेऊ दिला नाही," मुनीरचाचा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तुझं काम बिघडेल म्हणून."

दोघं भाऊ एकमेकांसमोर रडले. बाईंनी कुणालाही गप्प केलं नाही.

सगळं एका दिवसात बरं झालं, असं समजू नका. अब्बा पुष्कळ बोलले, मधे काही दिवस पुन्हा मिटले, पुन्हा बोलले. थेंब हळूहळू कमी होत गेले, बोलणं वाढत गेलं. फडकं आता दुपारच्या जेवणाला उतरायलाच हवं, असा नियम अम्मीनं केला.

एके सकाळी तरन्नुम दात घासत असताना आतून आवाज आला. आधी नुसता तारेचा, मग त्याच्या पोटातून उमलणारा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भरलेला. ती तोंडातला फेस न थुंकताच आत धावली. अब्बांच्या मांडीवर पांढरी भुकटी होती. गुंजणं खोलीत मावेना. गल्लीतली माणसं दाराशी गोळा झाली. मुनीरचाचा प्रत्येकाला सांगत होते, "माझा भाऊ आहे."

"झटक की," अब्बा हसत म्हणाले.

"राहू दे आज," तरन्नुम म्हणाली.

पुढे बाई डबी परत न्यायला आल्या, तेव्हा तरन्नुम त्यांना पोचवायला ओट्यावर आली. समोर याकूबचाचांचं घर होतं. त्यांच्या दारावरही लाल फडकं होतं. पण ऊन खाऊन खाऊन त्याचा रंग पार गुलाबी झाला होता. शेवटचं ते कधी उतरलं होतं? तिला आठवेना. कुणाला आठवत असेल?

डबी तिच्या अंगठ्यानं उघडणार नव्हती. तो पुढचा भाग बाईंचा होता. तरन्नुमनं बाईंना हातानंच "थांबा" असं खुणावलं, गल्ली ओलांडली, टाचा उंचावून ते गुलाबी फडकं खाली काढलं, आणि आतल्या अंधारात वाकून विचारलं,

"याकूबचाचा, काय ऐकताय?"