टाकी लावलेला दगड

शनिवारी संध्याकाळी गावातला करंट गेला, गिरणी बंद पडली, आणि ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्कीत मात्र बल्ब लखलखत होता! कलघटगीच्या दवाखान्यातली नर्स आरुषी जोंधळ्याची पिशवी घेऊन तशीच आत शिरली.

“दळून मिळेल का हो? आणि मोबाईल चार्ज?”

छिन्नीनं चक्कीच्या दगडाला टाकी लावून, तो खरखरीत करून चक्कीवाला यशपाल नुकताच उठला होता. त्यानं वर बघितलं आणि… हरवूनच गेला की बिचारा! भुवयांवरचा दगडाचा भुगा पुसायचंही त्याला सुचेना.

“मिळेल की. पाणीच दळतंय, पाणीच दिवा लावतंय. तुम्ही नुसतं बसा.”

“बसते. पण लवकर हं, नवनगरची बस आहे. उद्या…” ती घुटमळली. “उद्या मला बघायला पाहुणे येणारेत.”

यशपालचा चेहरा खर्रकन उतरला. पीठ घेऊन ती गेली, बसही सुटली, आणि मग त्याला आठवलं. टाकी लावल्यावर पहिलं दळण टाकून द्यायचं, त्यात दगडाची कच असते! त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, शंभरदा बजावलं होतं. आणि यानं तेच पीठ तिच्या पिशवीत भरलं होतं.

दोन दिवस त्याच्या डोक्यात तेच. तिचं लग्न मोडलं तर पाप आपलं, आणि जमलं तर… ते तर त्याहून वाईट!

सोमवारी ती दारात उभी.

“भाकरी कचकच लागली. पाहुण्यांसमोर!”

“चुकलं हो. पहिलं दळण टाकायचं असतं, आणि मी… तुमच्याकडेच बघत राहिलो.”

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. “त्या मुलानं ताट सरकवलं. माझ्या आईला म्हणाला, ‘साधी भाकरी येत नाही?’ मी तिथंच सांगितलं, मला हा नवरा नको.”

“म्हणजे… मोडलं?”

“मोडलं! अय्यो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!”

यशपालला हसूच फुटलं.

“हसताय?”

“नाही… म्हणजे, हो.” त्यानं धीर केला. “मला आवडता तुम्ही. मी… येऊ का बघायला?”

“बघून झालंय की तुमचं!” ती लाजली, पण नजर हलवली नाही. “रविवारी आईला भेटायला या. आणि ऐक… भाकरी तू करायची.”

भाकरी कुठली येतेय त्याला! त्याच संध्याकाळी तो अप्पांसमोर परात घेऊन बसला.