अजून जरा खाली

बाळांनो, समजा तुम्ही भन्नाट वेगात सायकल चालवताय. छातीवर हात ठेवून कुणीतरी मागे ढकलतंय... कोण? वाराच तो. त्याला चुकवून निसटेल अशी सायकल एक मुलगी कागदावर आखत होती. एकट्यानं, घड्याळाशी लावायच्या शर्यतीसाठी.

डगमगत्या चाकाची आऊट काढून ते सरळ करून घ्यायला एक शर्यतपटू तिच्या कारखान्यात आला. सोबत आठ वर्षांची भाची. चाचणीला बसणारा माणूस त्या दिवशी फिरकला नव्हता. तिनं यालाच धरलं, मोठ्या पंख्यासमोर सायकलवर बसवलं आणि अंगभर लोकरीचे धागे चिकटवले.

"धागा फडफडला, की समजायचं तिथे वारा अडतोय."

"छातीवरचा फडफडतोय."

"तिथे वारा पोचतच नाही."

"तेच तर म्हणतोय मी—"

"मामा, गप्प बस," भाची म्हणाली. "त्या काम करतायत."

मग तो रोजच येऊ लागला; शर्यतीत ती सायकल तोच चालवणार, असं ठरलं. ती नळ्या माशासारख्या निमुळत्या करी, हँडल उतरवी.

"अजून जरा खाली?"

"तू म्हणशील तिथे."

तो मान खाली घालून वाके. वाऱ्याच्या अडथळ्याचा आकडा यंत्रावर घसरे, आणि ती हसे...

शर्यतीला आठ दिवस होते. त्याच्या हातून पाना गळून पडला. उचलायला गेला, तर बोटांना पानाच कळेना. डॉक्टर म्हणाले, इतके महिने मान तशी ठेवून मणक्यात शीर दबलीय. शर्यत विसरा. हात पूर्वीसारखा होईल, असं मी सांगू शकत नाही.

ती त्याच्या खाटेशी बसली. सायकल त्याच्याच मापाची होती, दुसऱ्या कुणाला बसणारी नव्हती.

"कधीपासून दुखतंय?"

"तिसऱ्यांदा हँडल उतरवलंस तेव्हापासून."

"तोंड शिवलं होतं का तुझं? का नाही बोललास?"

त्यानं नजर छताकडे वळवली.

"आकडा कमी झाला, की तू हसायचीस."

किती वेळा हसली होती ती... ती पुढे सरकली आणि म्हणाली, "डोळे मिट. कुठलं बोट धरते ते ओळख."

त्यानं डोळे मिटले. चादरीवर पडलेल्या उजव्या हाताची करंगळी तिनं मुठीत घट्ट धरली. तो वाट बघत राहिला.

"धर ना," तो म्हणाला.

तिनं ओठ दाबून मान फिरवली. तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या भाचीनं, आवाज न करता, त्याच्या डाव्या हाताची करंगळी धरली.