वेदीपुढचा दगड

"बाई, लवकर या. एक बाई वेदीपुढे ठाण मांडून बसलीय. हातात पहार आहे. गवंडी खोळंबलेत."

फोन फादरांचा होता. इन्स्पेक्टर बाई चर्चमध्ये पोचल्या तेव्हा जुनी फरशी सगळी उखडून भिंतीला टेकवलेली होती. दाराशी नव्या संगमरवराची थप्पी. जागेवर उरला होता एकच दगड, वेदीपुढचा, माणूसभर लांबीचा. त्यावर थोरली बसली होती.

तिला सगळे थोरलीच म्हणत. एक धाकटीही होती. ती वीसेक वर्षांपूर्वी कुणा रंगाऱ्याबरोबर पळून गेली, असं गावाने ठरवून टाकलं होतं. थोरलीने ते कधी मानलं नाही.

"सगळे दगड काढले, हाच का नाही?" थोरली म्हणाली. "ह्याच्यावरूनच संगमरवर घालणार म्हणे. धाकटीला चर्चमध्ये शिरताना चारचौघांनी पाहिलं. बाहेर पडताना पाहिलं म्हणतो तो फक्त मामा. मला खाली काय आहे ते बघायचंय. आज नाही बघितलं तर कधीच नाही."

मामा म्हणजे चर्चचे कारभारी. बांधकामाचे ठेकेदार, हा संगमरवरही त्यांचाच. पांढराशुभ्र शर्ट, आवाजात मध.

"पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, बाई. खाली पहिल्या मिशनऱ्याची कबर आहे. ह्या दगडावर कुणी पाय ठेवायचा नाही, ही बापजाद्यांपासूनची परंपरा. लग्नंसुद्धा आम्ही बाजूला लावतो."

इन्स्पेक्टर बाई उकिडव्या बसल्या. दगडावरून तळवा फिरवला. दाराकडच्या बाजूला चार खोलगट वाट्या होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. वेदीकडच्या बाजूला तशाच चार खुणा, पण उथळ, घासटलेल्या.

"फादर, ही परंपरा तुम्हाला कुणी सांगितली?"

"कारभाऱ्यांनी. मी इथं नवा आहे."

"तुम्ही खात्री करून घेतली?"

फादर तरुण होते. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "परंपरेची खात्री कशी करणार? ती मानायची असते."

"बरंय. आमच्या खात्यात असं चाललं असतं तर निम्मे तुरुंग रिकामे राहिले असते."

मागच्या बाकावर एक म्हातारी केरसुणी धरून बसली होती. थोरलीची आई. चर्च तीच झाडायची. पोरंटोरं दगडाजवळ फिरकली की त्यांच्या पाठीत केरसुणी बसायची. दर रविवारी त्या दगडावर फुलं ठेवणारीही तीच.

बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "मावशी, तुमचं लग्न कुठं लागलं?"

"इथंच की."

"चर्चमध्ये कुठं?"

म्हातारीने मान खाली घातली. "त्याच दगडावर गुडघे टेकले आम्ही. सगळेच टेकायचे तेव्हा. खाली देवमाणूस निजलाय, हे आम्हाला काय ठाऊक? भावाने सांगितलं तेव्हा कळलं. केवढं पाप! म्हणून तर फुलं ठेवते."

"कधी सांगितलं?"

"धाकटी गेली, त्याच्या पुढच्या रविवारी. तेव्हाच्या मोठ्या फादरांनी जुन्या कागदांत शोधलं, म्हणाला."

"मोठे फादर हजर होते?"

"कुठले! ते धाकटी जायच्या आधीच गेले. रातोरात बदली."

"का?"

म्हातारी केरसुणीच्या काड्या सारख्या करू लागली. उत्तर दगडावरून आलं.

"मी सांगते का ते! धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलींना ते खोलीत बोलवायचे. धाकटी त्या वर्गाला शिकवायची. तिने तक्रार केली. वरच्यांनी त्यांना दुसऱ्या चर्चमध्ये पाठवलं, तिथल्या मुलींकडे! आणि हिला म्हणाले, गप्प बस. ती म्हणाली, रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून बोलेन. तो रविवार तिला दिसलाच नाही."

भिंतीवर मोठ्या फादरांची तसबीर हसत होती. नव्या संगमरवरावर त्यांचंच नाव कोरलं जाणार होतं.

इन्स्पेक्टर बाई उठल्या.

"कारभारी, नवरा-नवरी गुडघे टेकतात तेव्हा तोंड कुणीकडे?"

"वेदीकडे. हे काय विचारणं झालं?"

"म्हणजे गुडघे वेदीकडे, पायांचे चवडे दाराकडे. ह्या खोल वाट्या गुडघ्यांच्या. त्या दाराकडे आहेत. चवडे घासलेत वेदीजवळ. तुमचे बापजादे काय देवाकडे पाठ करून लग्न लावत होते?"

कारभाऱ्यांचा मध आटला.

"ज्या दगडावर पाय ठेवत नाहीत तो झिजत नाही. हा तर पिढ्यान्‌पिढ्या झिजलाय. मग तो कुणीतरी काढला आणि घाईत उलट्या तोंडाने बसवला. असले दगड पहार आणि लाकडी रूळ घेऊन एकटा माणूस हलवू शकतो, पण तो बांधकामातला हवा. पुढे ही बंदी. फादरांना कुणी सांगितली? तुम्ही. मावशींना? तुम्ही. तुम्ही नाव घेतलं मोठ्या फादरांचं, पण ते तेव्हा इथं नव्हतेच. तुमची परंपरा धाकटीच्या नंतरच्या रविवारी जन्मली, कारभारी. तिचे बाप तुम्ही."

"बिशपांना विचारल्याशिवाय दगडाला हात..." फादर पुटपुटले.

"विचारा ना. तोवर आम्ही काढतो."

गवंड्यांनी पहार घातली. दगड कण्हत उठला. कबर नव्हतीच. मातीत हाडं होती आणि एक जाड भिंगांचा चष्मा, त्याची दांडी लाल दोऱ्याने बांधलेली. तो दोरा आईने बांधला होता. त्या चष्म्याशिवाय धाकटीला हातभरापलीकडचं दिसत नसे.

कारभारी खड्ड्यापासून मागे सरले. "मी फक्त अडवत होतो तिला. वेदीमागच्या खोलीत. ढकलली, तर कपाटाचा कोपरा लागला. चर्चची अब्रू गेली असती हो! वर कळवलं. वरून निरोप आला, बोभाटा नको."

"म्हणजे तुम्ही एकटे नाही," बाई म्हणाल्या. "सवडीने नावं घेऊ. सगळ्यांची."

आई केरसुणी काखेत धरून खड्ड्याच्या कडेला आली. भावाकडे तिने पाहिलंही नाही. चष्मा हातात घेतला, पदराने भिंगं पुसली.

"एवढी वर्षं पोरांना हाकललं मी," ती म्हणाली. "तिच्यावर कुणाचा पाय पडू दिला नाही. ह्याने मला माझ्याच लेकीची राखण करायला बसवलं."

थोरलीने तिला धरलं. फादरांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"मिटा ते," आई म्हणाली. "तिला बोलायचं होतं ते आधी होऊ दे. ह्या रविवारी थोरली बोलेल. सगळ्यांसमोर, इथं उभी राहून."

"पण मावशी, परवानगी लागेल," फादर म्हणाले. "उपासनेत असं बोलायची पद्धत..."

आईने काखेतली केरसुणी फादरांच्या हातात दिली.

"पद्धत तुम्ही झाडा आता," ती म्हणाली आणि लेकीचा चष्मा मुठीत धरून वेदीच्या पहिल्या पायरीवर बसली. ती तिथून उठणार नव्हती.