मागे घेतलेली आवृत्ती

शुक्रवारी दुपारी दोनला अनुजा शिरधनकर गिरगावातल्या ऑफिसात आली, तेव्हा हितेंद्रच्या डब्यात अर्धी भाकरी उरली होती. गुप्तहेर कालिंदी राणे यांच्याकडे येणारी माणसं आधी रडतात, मग बोलतात, हा त्यांचा मदतनीस म्हणून त्याचा सात वर्षांचा अनुभव. ही बाई तर बसलीसुद्धा नाही.

"मला सहाच्या आत चोर हवाय," ती म्हणाली.

चोरी कसली, हे हितेंद्रच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. अनुजा आणि तिचे तिघे सोबती, प्राची, राजरत्न आणि सौमित्र, 'वाचा' नावाचं सॉफ्टवेअर चालवत. अंध माणसांना ते संगणकावरचं मराठी वाचून दाखवी. फुकट, आणि आतलं काम कुणीही बघावं, सुधारावं असं. पण दशांशचिन्ह गिळायची त्याला खोड होती. १२.५ ला ते एकशे पंचवीस म्हणे. सोमवारी मनवा नावाची मुलगी दादरच्या केंद्रावर याच सॉफ्टवेअरवर गणिताचा पेपर देणार होती. केंद्र ते फक्त प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून घेई, आणि मुदत आज सहापर्यंत.

दुरुस्त आवृत्ती गुरुवारी सकाळी पानावर चढली. दुपारी ती गायब, पासवर्ड बदललेला, आणि तिच्या जागी दोन ओळी: 'या पाचही दुरुस्त्या पुरेशा तपासलेल्या नाहीत. आवृत्ती मागे घेत आहोत.' पासवर्ड चौघांनाच ठाऊक होता. पानाला जागा देणाऱ्या कंपनीने आठवडा लागेल म्हणून हात वर केले होते.

टॅक्सीत कालिंदीने विचारलं, आवृत्तीत काय घालायचं हे ठरतं कसं? मंगळवारी चौघं बसून यादी पक्की करतात, अनुजा म्हणाली. त्यानंतर नवं घालायचं नाही, धोक्याचं वाटलं तर काढायचं. या वेळी पाच दुरुस्त्या ठरल्या. बुधवारी प्राचीला एकीत खोट सापडली, ती काढली. बोलता बोलता अनुजा थबकली. "ग्रुपवर टाकायचं माझ्याकडून राहूनच गेलं, आत्ता लक्षात येतंय."

परळला प्राची भेटली. आवृत्ती तपासणं तिचं काम. अजून दोन दिवस हवे होते, हे तिने लपवलं नाही, पण मनवासाठी होकार दिला म्हणाली. पाचवी गळल्याचं अनुजाने सगळ्यांना कळवलंच असेल, असंही तिच्या बोलण्यात आलं.

लालबागचा राजरत्न फुरंगटलेला. "चारही दुरुस्त्या मोजून मीच चढवल्या. पाचवी गळल्याचं ग्रुपवर बघा, असेल. आता चोरही मीच का?" हितेंद्रने मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

वरळीच्या ऑफिसात सौमित्रने कॉफी पाजली. मंगळवारनंतर आपण पान उघडलंच नाही म्हणाला. "म्हणून म्हणत होतो, आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवा. तिघांनी ते हाणून पाडलं."

पाचला कालिंदीने चौघांना लालबागला राजरत्नच्या खोलीत जमवलं.

"ओळी लिहिणाऱ्याने 'पाचही' लिहिलं," कालिंदी म्हणाली. "पानावर होत्या चार. न वाचताच त्याने आवृत्ती उतरवली, डोक्यात मंगळवारची यादी. एक गळली हे कुणाला माहीत नव्हतं?"

"पण ताई, कुणी मुद्दाम पाच लिहिलं असेल तर?" हितेंद्र अडून बसला.

"सौमित्रला अडकवायला? मग त्याला कळलेलं नाही, हे आधी माहीत हवं. प्राची आणि राजरत्न ग्रुपवर गेलंय असंच धरून होते. अनुजाला तर आज टॅक्सीत आठवलं."

सौमित्रने कबूल केलं. पान चार दिवस बंद पडलं की सगळे आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर यायला तयार होतील, असं त्याला वाटलं होतं. केंद्राची मुदत त्याने विचारलीच नव्हती.

"तिचं वर्ष गेलं असतं," अनुजा म्हणाली. "पासवर्ड."

त्याने सांगितला. पाच अडतीसला आवृत्ती पुन्हा चढली. सहाला सात मिनिटं कमी असताना केंद्राचा फोन आला, मिळाली म्हणून. सौमित्र जायला उठला, पण अनुजाने घरी नवी आवृत्ती घेऊन बसलेल्या मनवाला फोन लावून त्याच्याच हातात दिला.

"नीट वाचतंय का, तू विचार. दशांशाची दुरुस्ती तुझीच आहे."

त्याने विचारलं. पलीकडून आवाज आला, "बारा पूर्णांक पाच म्हणतंय, दादा. तुम्हीच केलंत ना हे? माझे आईबाबा तुमचं नाव विचारतायत."

हितेंद्रला त्याचा राग आला होता, तरी त्या क्षणी कीव आली. सौमित्रने नाव सांगितलं नाही.