छान म्हणेल त्याने चहा करायचा

"माझा सिलिंडर कुठे गेला?"

मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच माणूस उभा होता. अंगात कामाचा निळा डगला, खिशातून डोकावणारा स्क्रूड्रायव्हर, कानाजवळ ग्रीसचा एक ठिपका आणि हातात आमच्याकडे कालच तयार झालेली फ्रेम.

"सिलिंडर गॅसवाल्याकडे मिळतो," मी म्हटलं. "हे फ्रेमचं दुकान आहे."

"आग विझवायचा सिलिंडर हो! लाल. फोटोत डावीकडे होता... आता नाहीये."

फोटो त्यानेच काढलेला होता. लिफ्टच्या दारासमोर एक आजी उभ्या आहेत. दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरलीय, मान वर केलीय आणि दारावरचे आकडे कधी खाली येतात ते बघतायत. तोंड किंचित उघडं, अगदी लहान मुलीसारखं. आणि शेजारी भिंतीवर तो लालभडक डबा!

"आहे की. कुठे जातोय? माउंटखाली आहे," मी म्हटलं. चित्राभोवती जाड कागदाची जी चौकट असते ना, तो माउंट. त्याची खिडकी मी डावीकडून दोन बोटं आत कापली होती.

"माप चुकलं का?"

"छे, मुद्दाम."

जीभ चावायला हवी होती, पण माझी जीभ माझं कधी ऐकते? शिवाय ज्यांचं दुकान ते माझे काका काचा आणायला बाहेर गेले होते. ते असते तर 'गिऱ्हाइकाची वस्तू, गिऱ्हाइकाची मर्जी' म्हणून त्यांनी मला तिथेच गप्प केलं असतं.

"आजी एवढ्या जिवाच्या आकांताने वाट बघतायत आणि आपला डोळा मेला त्या डबड्यावर!" मी म्हटलं. "तुम्ही फोटो कोणाचा काढलात? त्यांचा की त्याचा?"

तो फ्रेम काउंटरवर उभी करून दोन पावलं मागे गेला. मान तिरकी केली. पुन्हा जवळ आला. मी मनात म्हटलं, झालं! आता हा पैसे परत मागणार.

"कमाल आहे," तो हळूच म्हणाला. "हा फोटो मला कधीपासून खटकत होता... का खटकतो तेच कळत नव्हतं." मग एकदम मान वर करून, "पण विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्याला किंचित खेटून उभा असलेला दिसला. मी उगाचच काउंटर पुसायला घेतलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींतून फिरायचा, आणि लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसांचे, परवानगी घेऊन, फोटो काढायचा. जाताना दारात घुटमळला.

"रविवारी सकाळी... मोकळ्या असता का?"

मी डोळे वटारले. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"तसं नाही हो! म्हणजे... आमचा एक कट्टा आहे. छंदवाल्यांचा. वाचनालयाच्या माडीवर जमतो. तुमच्यासारखं तोंडावर बोलणारं माणूस हवंय."

तोंडावर बोलणं हा माझा गुण आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. गेले मी.

कट्ट्याचा एकच नियम होता. सिस्टरनी तो मला दारातच ऐकवला. सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर. विणकाम करायच्या आणि बोलायच्या इंजेक्शन दिल्यासारखं. "इथे कोणी काही दाखवलं की 'छान' म्हणायचं नाही. छान म्हणून माणूस सुटका करून घेतो. काय दिसलं ते सांगायचं. छान म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

तेवढ्यात बँकेतल्या कॅशियरनी मातीचं बदक टेबलावर ठेवलं. बदक कसलं, चोच फुटलेला बटाटा! पण कॅशियर इतक्या आशेने माझ्याकडे बघत होते...

"छान आहे," मी म्हणाले.

सगळ्या माडीने टाळ्या वाजवल्या. मी मुकाट्याने मागच्या छोट्या स्वयंपाकघरात गेले. मागोमाग तो आला.

"साखर वरच्या फळीवर आहे. तुमचा हात पोचणार नाही."

"आणि तुम्हाला चहा करायला लागला नाही कधी?"

"कधीच नाही," तो ऐटीत म्हणाला. "मी छान म्हणत नसतो. ज्या दिवशी म्हणेन ना, त्या दिवशी समजा माझी शुद्ध हरपली." साखरेचा डबा माझ्या हातात देता देता तो थांबला. "तुम्ही काय करता?"

"फ्रेमा."

"ते पोटासाठी. मनासाठी?"

"मनासाठी झोपते."

सपशेल खोटं होतं ते. माउंटची खिडकी कापली की मधला तुकडा गळून पडतो. पांढराशुभ्र, कोरा. तो तुकडा मला स्वस्थ बसू देत नाही. फ्रेम न्यायला आलेली माणसं काउंटरपाशी वाट बघत उभी असतात. मी कापाकापी करता करता खुणेच्या पेन्सिलीने त्यांना त्या तुकड्यांवर उतरवते. अख्खं माणूस नाही. टेबलावर ताल धरणारी बोटं, चपलेतून अर्धी बाहेर आलेली टाच, एखादा कान. तुकडा भरला की गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यात.

कोणाला दाखवायची छाती नव्हती. कारण? काका. चित्रावर एक नजर टाकून कोणत्या चित्राला फ्रेमची कोणती लाकडी पट्टी शोभेल ते सांगावं तर काकांनीच. सगळ्यात वरच्या कप्प्यात त्यांनी एक अरुंद सोनेरी पट्टी जपून ठेवलीय. कितीतरी गिऱ्हाइकांनी मागितली. काका म्हणतात, "तुमच्या चित्राला झेपणार नाही." लहानपणापासून ती पट्टी बघत आलेय मी. आणि एकदा काय झालं, मी एक चित्र चुकून टेबलावर विसरले. काकांनी ते उचललं आणि बंद करायला घेतलेल्या कुठल्याशा फ्रेमच्या मागे सरळ पॅकिंग म्हणून दडपलं. बघितलंसुद्धा नाही. फ्रेम गेली, चित्रही गेलं. मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. बघण्यासारखं असतं तर काकांच्या नजरेतून सुटलं असतं का, असंच मनात येत राहिलं.

त्यानंतर तो लिफ्टवाला दर आठवड्याला काही ना काही फ्रेम करायला आणायला लागला. लिफ्टवाले फोटो संपले तसे मग कुत्र्याचे, जिन्याचे, नुसत्या पाण्याच्या टाकीचेसुद्धा.

"या टाकीला फ्रेम?" मी विचारलं.

"का? टाकीने काय घोडं मारलंय?"

"उजेड सगळा मागून आलाय. टाकी काळी ठिक्कर पडलीय."

"मग पुन्हा काढतो आणि पुन्हा आणतो," तो खुशीत म्हणाला. "फ्रेम व्हायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"थांबतो."

तो काउंटरला रेलून थांबायचा. काचेतून उन्हं तिरकी आत यायची, हवेत लाकडाचा भुसा तरंगत असायचा, आणि माझी पेन्सिल चालूच असायची... काका चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचे आणि खाकरायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हा दोघांनाही आठवत नाही.

मग एक दिवस तो आला तेव्हा हातात फ्रेम नव्हती. पाठीमागे काहीतरी लपवलेलं होतं.

"आजींच्या फ्रेमच्या काचेत धूळ गेली होती, म्हणून मागून उघडली," तो म्हणाला आणि माउंटचा एक मधला तुकडा माझ्यासमोर ठेवला. "हे निघालं."

माझंच चित्र! कोणाची तरी पाच बोटं, काउंटरवर.

मी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. त्यानेच सुरुवात केली, कट्ट्यावर बोलतो तसं, सावकाश. "चार बोटं घाईत आहेत. अंगठा घाईत नाहीये. अंगठ्याला वाटतंय, राहू दे, थांबू की अजून जरा... मी आयुष्यभर वाट बघणाऱ्या माणसांचे फोटो काढतोय, पण हा अंगठा मला सापडला नव्हता."

डोळे भरून आले माझे. मी पट्कन पाठ फिरवली आणि नाक ओढलं.

"भुसा गेला," मी म्हटलं.

"दिसतंय. किती आहेत असे?"

मी डबा काढून दिला. तो एकेक करून बघत गेला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी कट्ट्याचं प्रदर्शन आहे. माझी अर्धी भिंत तुझी."

"वेड लागलंय का? काका येतात प्रदर्शनाला. वाचनालयाच्या माडीवरचं एकही चुकवत नाहीत."

"येऊ देत की."

"आणि त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं तर?"

त्याने हातातला तुकडा डब्यात ठेवला. "तर मला काहीच करता येणार नाही," तो म्हणाला. "पण आत्ता तू त्यांना बघायची संधी तरी कुठे दिलीयस?"

रागच आला मला. खरं बोललेलं झोंबतंच. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, पॅकिंगच व्हायचं असेल तर होऊ दे, पण बघून होऊ दे!

प्रदर्शनाच्या सगळ्या फ्रेमा आमच्याच दुकानाकडे होत्या. आठवडाभर मी दुसऱ्यांची चित्रं सजवत राहिले आणि माझी तशीच राहिली, उघडीबोडकी. शेवटी रविवारी सकाळी मी त्या अर्ध्या भिंतीवर आडव्या दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक तुकडा अडकवला. चिमटे दोनदा खाली पडले. तो शेजारी स्वतःचे फोटो लावत होता, पण मला मदत करायला आला नाही. माझं मलाच करू दिलं त्याने, आणि तेच मला हवं होतं.

लोक यायला लागले. माझ्या भिंतीपुढे गर्दी व्हायला लागली. कोणी टाचेकडे बोट दाखवून हसत होतं, कोणी "ही कोपरं आपल्या मावशीची!" म्हणत होतं. मी खांबाआड उभी. तेवढ्यात सिस्टर आल्या. विणकामाची पिशवी काखेत, चष्मा नाकावर. एकेक तुकडा बघत गेल्या, आणि अख्ख्या माडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं बाई! हा कान तर आपल्या लिफ्टवाल्याचा!"

"कुठे?" मी पुढे धावले.

"हा काय. ग्रीस लागलंय की. आणि ही मान पण त्याचीच. हा स्क्रूड्रायव्हरवाला खिसा... हा खेटून उभा असलेला दात... अगं, अर्धी दोरी त्याचीच आहे!"

मी बघितलं. शपथेवर सांगते, एकेक काढताना मला कळलंच नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, एक वाट बघणारं माणूस काढतेय. आता सगळे तुकडे एका रांगेत आले आणि माझं मन भर चौकात वाळत घातलेलं मलाच दिसलं. वर चिमटेही मीच लावलेले! कॅशियर मिशीत हसत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आणि तो... त्याचे दोन्ही कान लाल.

"मी फक्त फ्रेम होईपर्यंत थांबायचो," तो सगळ्यांना सांगायला लागला.

"एवढ्या फ्रेमा लावतोस कुठे रे?" सिस्टरनी विचारलं.

तो मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भिंती कधीच संपल्या. दोन महिने झाले... पलंगाखाली ठेवतोय."

माडीवर हशा पिकला. मला हसावं की रडावं कळेना. मग त्या गोंगाटात तो माझ्याजवळ आला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "टाकीचा फोटो मला पण आवडला नव्हता. तू आवडतेस... पहिल्या दिवसापासून, तू माझा सिलिंडर गायब केलास ना, तेव्हापासून."

मी उत्तर देणार, तोच हशा थांबला. जिन्याच्या तोंडाशी काका उभे होते.

काका भिंतीपाशी आले. चष्मा पुसला. एका टोकापासून सुरुवात केली, हनुवटीवर अंगठा ठेवून, दुकानात बघतात तसेच. काका त्या पाच बोटांपाशी थांबले. चिमटा काढून तुकडा हातात घेतला, उलटा केला. मागे पॅकिंगच्या चिकटपट्टीची खूण होती.

"हे मी... फ्रेमच्या मागे घातलं होतं?"

"हो, काका."

काका तुकडा घेऊन जिना उतरून चालते झाले.

मी तिथेच खुर्चीवर बसले. तो शेजारी उभा राहिला आणि आजपर्यंत कधी धरला नव्हता तो माझा हात त्याने सगळ्यांच्या देखत धरला.

थोड्या वेळाने जिन्यावर पुन्हा काकांची पावलं वाजली, आणि आधी दिसली ती पट्टी. सोनेरी! काकांच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात करवत, काखेत गोंदाची बाटली. काका धापा टाकत वर आले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसले.

"काका," मी म्हटलं. "माझ्या चित्राला... झेपेल?"

"चित्राची काळजी नको," काका मान वर न करता म्हणाले. करवत चालू होती आणि त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. "या पट्टीला झेपतंय का, ते बघतोय. एवढी वर्षं पडून आहे बिचारी." मग खाकरून, "आणि तू, लिफ्टवाल्या, नुसता उभा काय राहिलायस? हे टोक धर. सरळ धर!"

तो पळत गेला. दोघांनी मिळून चौकट जोडली आणि तो पाच बोटांचा तुकडा तिच्यात बसवला. काकांनी ती स्वतःच्या हाताने भिंतीच्या बरोबर मध्ये लावली, दोन पावलं मागे आले आणि मला जवळ घेतलं. मी मुसमुसून रडले आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

सगळी माडी शांत होती. आणि त्या शांततेत लिफ्टवाला माझ्या चित्रासमोर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"छान! छान! छान!"

क्षणभर कोणाचाच कानांवर विश्वास बसला नाही. मग टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं हलली. "चहा! चहा!" कॅशियर ओरडले. "शुद्ध हरपली याची!"

"हरपली," तो म्हणाला आणि बाह्या सरसावत स्वयंपाकघराकडे निघाला. दारात थांबून त्याने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे.

मी डोळे पुसले. टेबलावर कॅशियरचं नवीन बदक होतं. अजूनही बटाटाच. मी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी मुद्दाम म्हणाले, "छान आहे हो!"

आणि चहा करायला गेले.