उंचीनं लावलेली पुस्तकं

"डावीकडचं उंच! बदला!"

"बदललं!"

"पुढे!"

डिंकाची बाटली घेऊन मी वाचनालयाच्या दारात आले आणि जागीच थिजले. तिसरीचा अख्खा वर्ग माझ्या कपाटांना लटकला होता. पक्षी, परीकथा, नकाशे, कविता... सगळी पुस्तकं एका ओळीत, बुटक्यापासून उंचापर्यंत, कवायतीला उभी केल्यासारखी.

"हे कोणी सांगितलं?"

"रोबोट सरांनी!" वर्ग अभिमानानं ओरडला.

तेवढ्यात मागून कोणीतरी धावत आलं आणि सरळ माझ्यावर आदळलं. बाटलीतला डिंक त्याच्या शर्टावर. चष्मा वाकडा, बोटांना शाई... हा नवा कोडिंगचा सर. मुलं हुकूम देतील तसा यंत्रासारखा चालून दाखवायचा, म्हणून रोबोट.

"अरे देवा," तो कपाटांकडे बघत म्हणाला. "मी... एकाच फळीवर दाखवलं होतं. शेजारची दोन पुस्तकं बघायची, डावीकडचं उंच असेल तर अदलाबदल. मग ऑफिसातला प्रिंटर अडकला, म्हणून मला बोलावलं आणि..."

"आणि थांबायचं कधी, ते सांगितलंत?"

त्यानं वाकडा चष्मा सरळ केला.

"नाही सांगितलं," चिमणी म्हणाली. ही वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, आणि कोणाचीही भीड न ठेवणारी.

माझं डोकं सणकलं. "वनस्पतिशास्त्र शिकलेय मी. गवत आणि बांबू एकाच कुळातले. उंचीनं लावायला गेलात तर जन्मात त्यांची गाठ पडणार नाही. पुस्तकांचंही तसंच असतं!"

"बांबू म्हणजे गवत?" त्याचे डोळे चमकले. "खरंच?"

माफी मागायची सोडून हा प्रश्न! माझा राग दुप्पट झाला.

"शाळा सुटल्यावर या. मी सांगेन, तुम्ही लावाल. रोबोट ना तुम्ही?"

तो आला. दुसऱ्या दिवशीही आला, आणि मग येतच राहिला. मी शिडीवर, तो खालून पुस्तकं देणार... पण वेग गोगलगायीचा, कारण प्रत्येक पुस्तक उघडल्याशिवाय त्याच्या हातातून सुटायचं नाही.

"वाचायला बोलावलेलं नाही तुम्हाला."

"दोनच मिनिटं, मॅडम. ही म्हातारी बघा ना... बटण हरवलंय आणि दारोदार विचारत फिरतेय. प्रत्येक दारात तोच प्रश्न, तेच उत्तर. लूप आहे हे! तेच काम पुन्हा पुन्हा, फक्त दार बदलतं."

"दुसरीच्या मुलांना ते कधीच कळलंय. ही गोष्ट सांगताना तिसऱ्या दारापाशी ती माझ्याआधी बोलायला लागतात."

तो पान उलटता उलटता थांबला. "आणि बटण सापडलं की म्हातारी थांबते. थांबायचं कधी ते तिला माहीत आहे... माझ्या वर्गाला मी ते सांगितलंच नाही."

इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. राग टिकवण्यासाठी मला शिडीची एक पायरी वर चढावं लागलं.

मग माझ्या गोष्टीच्या तासाला तो येऊ लागला. मी गोष्ट सांगायची, टेबलावरचं कापड डोक्यावर घेऊन तो म्हातारी व्हायचा आणि दारं झालेली दुसरीची मुलं त्याला हुकूम सोडायची. कधी आमची नजरानजर झाली की मी कपाळाला आठ्या घालायचे... आणि तो नेमका पुढचा हुकूम चुकायचा.

घरी ताई म्हणाली, "रोज जेवताना त्या रोबोटला शिव्या. दुसरा विषयच नाही का गं तुला?"

"तो आहेच तसा."

"हो का? मग गाल का लाल झालेत?"

"तिखट लागलं."

"दुधात?"

मी पेला आपटून उठले.

आणि एके दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "वाचनालयातला कोडिंगचा वर्ग काय रंगतो हो! पुढच्या सत्रापासून गोष्टींचा तास बंद. कपाटं तळघरात जातील, इथे स्क्रीन येतील. तुम्ही ऑफिसात प्रवेशाचं काम बघा."

बाईंना माझा गोष्टीचा तास कोडिंगचाच वर्ग वाटला होता; माझ्याच गोष्टींनी माझा तास गिळला होता.

बाहेर पाऊस पत्रा बडवत होता. व्हरांड्यात तो समोरून आला, हसत.

"अभिनंदन!" मी म्हणाले. "माझा तास, माझी खोली, सगळं मिळालं तुम्हाला. आता बसा बटणं दाबत!"

त्याचं हसू मावळलं. "मॅडम, मला खरंच... हे आत्ता कळतंय."

"तुम्हाला सगळं आत्ताच कळतं!"

तो वळला आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरला. मी मागोमाग.

"मॅडमचा तास बंद होणार असेल तर मी नोकरी सोडतो," तो म्हणाला.

"गप्प बसा तुम्ही!" मी ओरडले. मोठ्या बाईंचा चष्मा नाकावर घसरला. "माझी बाजू मांडायला मी मुकी आहे का? बाई, तिसरीच्या अर्ध्या वर्गाला सर लूप गोष्टीशिवाय शिकवतील, अर्ध्याला मी गोष्ट सांगेन. मग दोन्ही गटांना एकच काम द्या. गोष्टवाल्यांना जमलं नाही, तर मी स्वतः कपाटं तळघरात नेऊन ठेवीन." मग त्याच्याकडे वळले. "आणि मुद्दाम वाईट शिकवलंत तर याद राखा."

त्यानं वाईट शिकवलं नाही. चित्रं, उदाहरणं, गमती... इतकं छान शिकवलं की दाराबाहेर माझ्या मुठी आवळल्या गेल्या. कुठेतरी तो चुकावा असं मला वाटत होतं, आणि तसं वाटल्याचाही संताप येत होता.

मग मी माझ्या अर्ध्या वर्गाला म्हातारीची गोष्ट सांगितली.

काम मोठ्या बाईंनीच ठरवलं. त्या स्वतः रोबोट. समोर बादली, पेला आणि रिकामी बरणी. बरणी भरून घ्यायची.

त्याच्या गटातल्या मुलांना लूपची व्याख्या तोंडपाठ होती. "पेला भरा. बरणीत ओता. पुन्हा करा. पुन्हा करा..." बाई ओतत राहिल्या. बरणी भरली, पाणी टेबलावर आलं, टेबलावरून बाईंच्या चपलांवर.

माझ्या गटातून चिमणी उठली. "बरणी भरेपर्यंत ओता. भरली की थांबा." मग तिनं खाली बघितलं. "पण आधी पाय पुसा, बाई."

एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी मी ते कोणाला सांगितलं नाही.

"गोष्टींचा तास राहील," बाई पाय झटकत म्हणाल्या. "दोघांनी मिळून घ्या. आणि मला कोणीतरी टॉवेल द्या."

मुलं गेली. बाहेर पुन्हा पाऊस आला, आणि मी खिडक्या धाडधाड लावू लागले.

"तास वाचला की," तो मागून म्हणाला. "आता राग कशाचा?"

"नोकरी सोडतो म्हणे! मला विचारलंत?"

"त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही."

"सुचलं नाही! तुम्ही गेला असतात निघून. आणि मी... मी रोज संध्याकाळी इथे एकटी..." मी पुढची खिडकी ओढली.

"एकटी काय?"

"काही नाही."

"मॅडम, असं अर्ध्यात सोडू नका... रात्रभर झोप लागायची नाही मला."

"नका झोपू!"

"तशीही बरेच दिवस लागत नाहीये," तो म्हणाला, इतक्या हळू की पावसात जेमतेम ऐकू आलं. "तुम्ही दिवसभर ओरडता... आणि रात्री घरी फार शांत वाटतं. नकोसं होतं ते."

खिडकीची कडी माझ्या हातातच राहिली.

"मला तुम्ही आवडता!" मी ओरडले. अगदी भांडताना ओरडतात तसं. "झालं समाधान?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कान लाल.

"नाही झालं," तो म्हणाला. "पुन्हा एकदा... असंच ओरडून."

मी तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला... आणि काही केल्या आवाज चढेना.